गॉटलोबची तरंगणारी गाडी

४ सप्टेंबर
नवी गाडी आली! निळी. गिअर आपोआप बदलते, माणसाने नुसतं बसायचं. आणि गंमत म्हणजे पेट्रोलच्या पेडलवरून पाय उचलला की गिअर सुटतो, गाडी मोकळी घरंगळते – तरंगल्यासारखी. विकणारा म्हणाला, "आजोबा, पेट्रोल वाचतं." झालं! माझ्या नवऱ्याला, गॉटलोबला देवच भेटला. आम्ही जर्मनीतल्या श्वाबेनची माणसं, चिकटपणात नावाजलेली, चहाची पिशवी दोनदा बुडवणारी.

७ सप्टेंबर
ब्रेकला पाय लागला की तरंगणं थांबतं. म्हणून गॉटलोब ब्रेकच लावत नाही! आमच्या डोंगरावरच्या घरातून शहरात उतरताना प्लमचा केक माझ्या मांडीवर होता, खाली पोचेपर्यंत निम्मा कोटावर. चांगला कोट, बहिणीच्या लग्नातला, बटणंसुद्धा तीच – असो. मी ओरडले, "अरे वळण!" तर म्हणतो, "गप गं रोजल, पान हिरवं आहे!" पेट्रोल वाचत असलं की समोरच्या पडद्यावर हिरवं पान उगवतं. त्याच्याकडे बघतो, रस्त्याकडे नाही.

११ सप्टेंबर
गुरुवारी बिअरच्या टेबलावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी पैज लावली – ब्रेक न लावता कुणाची गाडी शहराच्या पाटीपुढे जास्त घरंगळते. गॉटलोब जिंकला. चर्चच्या कोपऱ्यावरची कुंडी हरली.

१४ सप्टेंबर
आमची गुड्रुन खालून, शहरातून फोनवर म्हणाली, "आई, बाबा असेच चालवणार असतील तर याकोब त्या गाडीत बसणार नाही." याकोब, माझा नातू! दर रविवारी त्याला वर आणून कोंबड्या दाखवायच्या होत्या. फोन ठेवला आणि कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारायला नको.

१५ सप्टेंबर
शिवणाच्या खणातून माझा गाडी चालवायचा परवाना काढला. लग्नाआधीचा. अजून चालतो! फोटोतली वेणी तेवढी गेली.

२३ सप्टेंबर
गाडी शिकवणाऱ्या रोलांडकडे गुपचूप जाते आहे. म्हणाला, "आजी, उतारावर ते तरंगणं बंद करायचं. दांडा ओढा, खालचा गिअर घ्या. मोटरच गाडीला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत." शाळेत मी कमीच गेले, पण हे लगेच कळलं. वडील गवताने लादलेला ट्रॅक्टर असाच उतरवायचे.

२८ सप्टेंबर
किल्ली मी आधी उचलली! गॉटलोब मागे बसला, हाताची घडी घालून. "आता पेट्रोल बदाबदा जाणार."
उतार लागला. दांडा ओढला. मोटर गुरगुरली, गाडी शहाण्यासारखी उतरू लागली. वळणावर बस समोर आली – हलकेच थांबले, शेजारच्या सीटवरचा केक जागच्या जागी!
मागून मान पुढे आली. पडद्यावर पेट्रोलचा आकडा शून्य.
"रोजल… तरंगतानासुद्धा एवढं खाली नव्हतं!"
"गिअरमध्ये उतरताना थेंबही जात नाही, रोलांड म्हणाला. तरंगताना मोटर उगाच पेट्रोल पीत बसते."
शहर येईपर्यंत त्याची मान माझ्या खांद्याशी, डोळे त्या शून्यावर.

२ ऑक्टोबर
गॉटलोबला न्यायला गेले, तर बिअरच्या टेबलावर त्याचं भाषण. "मूर्खांनो, उतारावर गिअर सोडता? जिवाची काही काळजी?" जिवाची! माझ्या किंचाळण्याने पटलं नाही, लेकीच्या धमकीने पटलं नाही, त्या शून्याने पटलं. मी तोंडावर रुमाल धरून हसले.

५ ऑक्टोबर
याकोब आला! कोंबड्यांमागे धावून धावून झोपला आहे. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. गॉटलोब दारात घुटमळतो आहे – "रोजल, याकोबला सोडायला जाताना मला चालवू देशील?"