केळीचा चीक

सारिका,

तुला प्रिय म्हणवत नाही. माझा नवरा शिंदखेड्याला तुझ्याकडे येतो, हे मला कधीचं ठाऊक आहे.

काल ते परतले तेव्हा सदऱ्याची बाही डागांनी भरली होती. मी बघत राहिले, तर म्हणाले, "केळीना चीक शे. धोई टाक."

मी चोपड्याची, केळीच्या मळ्यातली. केळीचा चीक कपडा फाटेपर्यंत जात नाही. हा डाग थंड पाण्यात सुटला आणि बादली लाल झाली.

"ती जिवंत आहे का?" मी विचारलं. त्यांनी केस धरून माझं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. "ती म्हणे, 'आते बस कर, येऊ नको!' समजाडी तिले. तुले बी समजाडू का?"

म्हणजे तू नाही म्हणालीस.

सकाळपासून तुझा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. पण सुरतेला कामाला असलेला तुझा नवरा परतला आणि हे पत्र त्याच्या हाती पडलं, तर यांनी अर्धवट सोडलेलं तो पुरं करील. म्हणून पत्र टपालात टाकत नाही. मीच एसटीने निघते.

तुझ्यावरचा राग तसाच आहे. तरी दार वाजवीन तेव्हा उठता आलं नाही तर नुसती कण्ह. बाहेरून कुलूप असलं तरी मी ते फोडून आत येईन.

तुझी कुणीच नसलेली,
ज्योती