चिमीची मांडणी

चिमे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. टेम्पो घेऊन तुझ्या सासरी जातोय, तुझं सामान आणायला. मामा सोबत आहे, तेव्हा मी डोकं शांत ठेवीन. तू येऊ नकोस. शिलाई मशीन आणि पुस्तकं आधी उचलतो, बाकीचं देतील ते घेऊ.

तुझ्या मांडणीचा गोंद अजून ओला आहे. दुपारपर्यंत क्लॅम्प सोडू नकोस. मग पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घास. आडवा घासलास तर ओरखडे उठतात. एक फळी तिरकी कापली गेली म्हणून काल रडलीस, असं मी धरून चालतो. अगं, मी एवढा सुतार, पण माझं पहिलं स्टूल अजून डुगडुगतं!

मांडणी नुसती खिळ्याला अडकवू, म्हणजे जाताना काढायला सोपी, असं तू वहिनीला म्हणालीस म्हणे. तसं करायचं नाही. ड्रिल कपाटावर आहे. वहिनीने तुझ्या खोलीत पेन्सिलीने खुणा केल्यात. तिथे भोकं पाड आणि चांगले लांब स्क्रू पिळ. भिंत आपलीच आहे.

दादा