दिवंगत लीना कंचना यांची जांभळी रेकॉर्ड

३ मार्च, रविवार. बांडुंग, इंडोनेशिया.
माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. कारखान्याकडे मँगोस्टीनच्या सालीसारखी जांभळी रेकॉर्ड मागितली होती. नमुना आला तो कोळंबीच्या चटणीच्या रंगाचा. कुणा कलाप्रेमीची अशी थट्टा आजवर झाली नसेल. बायको, इमास, म्हणाली, "रंग ऐकू येतो का?"
संकल्प: नव्याने पाचशे प्रती काढायच्या. लीना कंचनाचा एकुलता एक सोलो अल्बम, १९७८. तेव्हा कुणी घेतला नाही. आता मी घ्यायला लावणार.

६ मार्च.
कव्हरवर नावाआधी "दिवंगत" छापायला सांगितलं. शोध कसून घेतला होता: दोन फोन. एक लागला नाही. दुसरा तिच्या जुन्या ड्रमरला. तो म्हणतो, "चार महिन्यांपूर्वी बाजारात दिसली, भाजी घेत होती." त्याचं वय बघता साक्ष ग्राह्य नाही. जिवंत माणसाची परवानगी घ्यावी लागते, हा मुद्दा गौण. जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाच्या मुलाची सही आहे माझ्याकडे.

११ मार्च.
तिला शोधायला बाजारात गेलो होतो. भाजीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पार्किंग मिळालं नाही. प्रयत्न केला, हे महत्त्वाचं.
उपाय सुचला! प्रकाशनाच्या दिवशी तिच्यासाठी तहलील. मृतासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, मग पाहुण्यांना घरी न्यायला जेवणाची खोकी. चूक असलीच तर फिटली. इमासने फोनवर साठ खोकी सांगितली, कुणी बू एंतिन, म्हणजे एंतिनबाई, करतात. झाकणावरच्या चिठ्ठ्या मी स्वतः छापून पाठवल्या: "दिवंगत गायिका लीना कंचना यांच्या स्मरणार्थ."

१६ मार्च, शनिवार.
लिहिणार नव्हतो.
प्रार्थना उत्तम झाली. मी थोडा रडलो, लोकांनी पाहिलं. खोकी घेऊन आलेल्या बाई मागे उभ्या राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने आमीन म्हणत होत्या. मग रेकॉर्ड लावली. तिसऱ्या गाण्यात त्या बाई रेकॉर्डच्या अर्धा ठोका आधी गायला लागल्या. ड्रमरच्या हातून खोकं पडलं. "लीना!"
लीना हे स्टेजवरचं नाव. घरचं एंतिन.
मी विचारलं, चिठ्ठी वाचूनही ऑर्डर का घेतली? म्हणाल्या, "साठ खोकी कोण सोडतं? म्हटलं, आपल्यामागे कोण रडतंय ते तरी बघावं." मग, "स्वतःच्या तहलीलचं जेवण रांधलंय बाबा. मीठ बरोबर पडलंय ना?"
मी माझं खोकं न उघडताच बाजूला ठेवलं. त्यांनी आपल्या स्टीलच्या डब्यात भात-मासे भरून दिले. "घरी जाऊन जेव."

१८ मार्च.
जेवलो. मीठ बरोबर होतं.
संकल्प: पत्रकार परिषद घेऊन जाहीर माफी.

२० मार्च.
परिषदेत माझाच उदोउदो होईल. ते शोभणार नाही. पत्र बरं. चार मसुदे झाले. चारही मसुद्यांत ड्रमर दोषी ठरतो.

२३ मार्च.
"दिवंगत"वर चिकटवायला सोनेरी स्टिकर करून आणले. हीच माफी, एका अर्थी.
इमास म्हणाली, "अहो, लोकांचा डबा आठवडाभर ओट्यावर आहे. रिकामा द्यायचा नसतो हे खरं, पण ठेवूनही घ्यायचा नसतो."

२४ मार्च, रविवार, सकाळ.
बाजारामागेच घर. पार्किंग लगेच मिळालं. तिथे नेहमीच मिळतं, असं पार्किंगवाला म्हणाला.
बू एंतिन पडवीत जेवणाची खोकी दुमडत होत्या. दुपारी दुसऱ्या कुणाची तहलील. साठच. पाठ केलेलं भाषण होतं, तोंडातून "डबा" एवढंच निघालं. आत मँगोस्टीन. त्यांनी एक फळ मी नेलेल्या कोळंबी-रंगाच्या रेकॉर्डशेजारी धरलं. "हं. हा रंग हवा होता होय तुला."
स्टिकर दाखवले. म्हणाल्या, "कशाला खर्च? थोडा थांब, छापलंय ते आपोआप खरं होईल."
मी हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत.
"विचारलं असतंस, तर हो म्हटलं असतं रे."
यावर माझ्याकडे कारण नव्हतं. शोधलं, खरंच.
समोर बसलो, पुठ्ठा ओढला. पहिली सात खोकी वाकडी झाली. त्यांनी उलगडून परत माझ्यापुढे ठेवली. मोजून साठ दुमडली आणि उठलो.