सालींतून गाळलेलं पाणी

पूर्णा,
एप्रिल १९९१

प्रिय बन्सीधर,

आमच्या शाळेतले लिंबाजी गुरुजी हे पत्र आणि दोन बाटल्या घेऊन तुझ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत येतील. बाटल्यांत पाणीच आहे. वास घेऊन निराश होऊ नकोस. इतक्या वर्षांनी पत्र लिहायचं आणि सोबत पाणी पाठवायचं, हे मलाच शोभतं.

गल्लीच्या तोंडाशी जुन्या बॅटऱ्या फोडायचं दुकान निघालं आणि शेजारच्या हापशाच्या पाण्यात शिसं सापडलं. पिऊ नका म्हणून हापशाला लाल रंग फासून सगळे मोकळे झाले. नळ त्याच्या मनात येईल तेव्हा येतो. संस्कृतातली पाण्याची नावं मला पाठ आहेत. सलिल, उदक, तोय, अंबु, सगळी म्हणून पाहिली. शिसं काही निघालं नाही. मग तू आठवलास. औरंगाबादला कॉलेजात असताना तू खानावळीतल्या केळ्यांच्या साली वाळवून कुटायचास आणि त्यातून शिसं मिसळलेलं पाणी गाळायचास. सगळे तुला हसायचे. मीही हसायचे, पण साली मीच आणून द्यायचे.

आता माझ्या ओट्यावर तसाच माठ आहे. खाली वाळू, वर धुतलेला सालींचा भुगा, त्यावर हापशाचं पाणी ओतायचं. अडचण एकच, भुगा सारखा बदलावा लागतो आणि एकट्या बाईच्या घरात साली साठत नाहीत. महिनाभर केळीच खाल्ली. आता केळेवाला दिसला की मी रस्ता बदलते. शेवटी शेजारच्या पार्वतीबाईंकडे साली मागितल्या. त्यांचं घर भरलेलं, उपासही भरपूर. रोज सकाळी पायरीवर सालींची पाटी येऊ लागली आणि पाटीमागून त्या. "बाई, एवढ्या सालींचं काय लोणचं घालायलात का?" म्हणत घटकाभर बसायच्या. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावातलं आमचं घर जळलं आणि मी इथे आले. तेव्हापासून त्या शेजारी. पण माझ्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. "आत्ताच पिऊन निघाले की," हे ठरलेलं. मी विचारायचं सोडलं नाही, त्यांनी तहान नाही म्हणायचं.

झरीला तुमच्या घरी तुझ्या आईने माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं, आठवतं? तू तेव्हा फार लक्ष देऊन बैलाकडे पाहत होतास. बैल चांगला होता, नाही असं नाही.

परवा दुपारी नळ नव्हता, पार्वतीबाईंचा रांजण कोरडा. त्या आल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाई, लय तहान लागली. द्या तुमच्या माठातलं. आमच्याच घरच्या साली हायेत की, मग काय हरकत?" असा न्याय मी कुठल्या शास्त्रात वाचला नव्हता. हसू दाबत पेला भरला, आणि हात थांबला. मी ते पाणी रोज पिते. जपून पी, असं म्हणणारं माझ्या घरात कोणी नाही. पण शिसं खरंच गेलंय का, ते मला ठाऊक नाही. नको, अजून तपासलेलं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "समजलं बाई. इतक्या वर्षांचं फेडलंत," म्हणाल्या आणि उठल्या.

कालपासून पायरीवर पाटी नाही.

म्हणून लिहिते आहे. एका बाटलीत हापशाचं पाणी आहे, दुसरीत माठातलं. तपास, आणि निकाल साध्या कार्डावर, मराठीत, ठळक अक्षरात लिही. आमचा पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग गल्लीला सांगतो, मग मला देतो. पाणी चांगलं निघालं तर पहिला पेला त्यांचा. वाईट निघालं तर मात्र कार्ड लगेच टाक. मी नाही का म्हटलं, ते त्यांना कळू दे. एवढं कर. या वेळी बैलाकडे बघत उभा राहू नकोस.

तुझीच, तेव्हा होते तशीच,
सत्यशीला