दाजींचा खड्डा भरण्याबाबत

टोकावडे,
सोमवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप दाजींच्या पायांवर मेहुणा जयराम याचं डोकं.

मोतीबिंदूच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल, थेंब वेळेवर पडत असतील आणि आमची धोंडूआक्का तुम्हाला टीव्हीसमोर बसू देत नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. म्हैस खुशाल. तुमच्या नव्या धाब्याचे पत्रे, भट्टी, पाटी जागच्या जागी आहेत. हे पत्र मिताली तुम्हाला वाचून दाखवणार हे ठाऊक असल्याने अक्षर जपून काढतो आहे. (मिताली, कंसातलं तुझ्यासाठी. मनात वाच.) फोन सोडून पत्र कशाला, असं विचाराल. दाजी, फोनवर तुम्ही माझ्या दुसऱ्या वाक्याला ओरडता आणि तिसरं वाक्य राहून जातं. या प्रकरणात तिसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे.

तर कामाचं बोलतो. कल्याणला जाताना तुम्ही गाडीच्या खिडकीतून सांगितलंत, की अक्षय्य तृतीयेला धाबा उघडायचा, समोरचा खड्डा तेवढा मुरूम टाकून भरून घे, गाड्या लावायला सपाट जागा पाहिजे; तुला काही करायचं नाही, फक्त उभा राहून बघ. मी उभा राहून बघितलं. पहिला अर्धा तास मी खरोखर फक्त बघत होतो. जेसीबीवाला गोजर (तीन पोरींचा बाप, डोक्याला कायम टॉवेल, स्वभावाने गरीब) खड्ड्याची कड सारखी करत होता. दुसऱ्या की तिसऱ्या फावड्याला मातीतून काहीतरी निळं चमकलं. मी हात वर केला, त्याने मशीन थांबवलं, मी खाली उतरलो आणि उचलली तर बाटली! हातभर लांब नव्हे, वीतभरच, पण निळी म्हणजे अशी निळी, की उन्हात धरली तर माझा सदरा निळा दिसायला लागला. अंगावर उभ्या रेघा, तळाला इंग्रजी अक्षरं. कुठे टवका नाही. दाजी, मी एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडली, पण इंजिनातून असलं काही निघालं नाही.

रस्त्यापलीकडे चिंचेखाली जो चौथरा आहे, तिथे पूर्वी माळशेजकडे जाणाऱ्या साहेबांचा मुक्कामाचा बंगला होता, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या बंगल्याचा सगळा केर तुमच्या खड्ड्यात पडत होता, हे कोणी सांगितलं नव्हतं. तासाभरात आम्ही अकरा बाटल्या काढल्या. गळ्यात काचेची गोटी अडकलेली सोड्याची बाटली. शाईची मातकट रंगाची चिनीमातीची कुपी. एक बाटली तर अशी, की तिला बूडच नाही, काकडीसारखी गोल. उभी केली की आडवी होते. (गोजर म्हणाला, ही आमच्या सासऱ्यासारखी हाय.) त्या दिवशी मुरमाचे दोन डंपर आले. खड्ड्यात ओतू कसा देणार? मी त्यांना धाब्याच्या दारात तात्पुरतं खाली करायला सांगितलं. (मिताली, दार सध्या दिसत नाही. पाटी दिसते.)

दुसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावरची जनी म्हातारी लाकडाची मोळी घेऊन चालली होती, ती काठावर थांबली. गोजरने नेमकी ती निळी बाटली धुऊन, हंड्यातलं पाणी भरून तोंडाला लावायला घेतली होती. जनी मोळी टाकून ओरडली, "अरे ठेव ठेव! इखाची बाटली हाय ती!"

गोजरचा हात तिथेच थांबला.

"अंगावर रेघा कशाला असतात?" ती म्हणाली, "अंधारात हाताला कलावं म्हनून. माजी सासू त्या बंगल्यात झाडलोट करायची. तिनं माला सगलं सांगितलंय. तुमाला नाय ना कोनी सांगितलं?"

त्यानंतर गोजरने चार वेळा चुळा भरल्या (प्यायला नव्हता तरी), आणि जनी कायमची काठावर बसली. आम्ही खालून वस्तू दाखवायच्या आणि तिने निकाल द्यायचा. मी एका चपट्या बाटलीला साहेबाची उंची दारू म्हटलं, तर म्हणे एरंडेल. मी एका पांढऱ्या झाकणाला चांदीच्या डबीचं झाकण म्हटलं, तर म्हणे दात घासायच्या पावडरीचं. (फार लागट बोलते. पण एकदाही चुकली नाही.) आणि गोजर! दाजी, त्या माणसाने एवढ्या मोठ्या यंत्राचं फावडं असं चालवलं, जसं आक्का वरणावरचं तूप चमच्याने बाजूला करते. एक सोड्याची बाटली त्याने फावड्याच्या दोन दातांमध्ये धरून मला वर हातात आणून दिली. मी टाळ्या वाजवल्या. रस्त्याने जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनीही वाजवल्या.

आता ते तिसरं वाक्य येतं आहे. (मिताली, बाबांना पाणी दे.)

चौथ्या दिवशी, खड्डा दोन पुरुष खोल झाला असताना (तुम्ही सोडलात तेव्हा कंबरेएवढा होता, हे मला आठवतं), तळाशी कातळाच्या कपारीत बूड नसलेल्या सात बाटल्या सापडल्या. विखुरलेल्या नाहीत. एकीशेजारी एक आडव्या, कुणी बाळं निजवावीत तशा. मी एक उचलली आणि चमकलो. हाताला गार लागली. या दिवसांत, जेव्हा हातोड्याचा दांडासुद्धा पोळतो, तेव्हा गार!

जनीला सांगितलं तर ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "झरा. सासू बोलायची, खानसामा साहेबाचा सोडा झऱ्यात निजवायचा. आमी इचारलं झरा कुठं, तर बोलायची, केराखाली गेला, कुठं ते माला पन नाय आठवत."

आम्ही सातही बाटल्या काढल्या. कपारीतला चिखल मी हाताने उपसला. मशीन लावायचं धाडस गोजरला होईना. आधी माती ओली झाली, मग काळी झाली, मग माझी बोटं बुडाली. पंधरा मिनिटांत घोटाभर पाणी आणि तासाभरात पोटरीपर्यंत, आणि इतकं नितळ की माझ्या पायाची फुटकी नखं मोजता येत होती. दाजी, इथे टँकर दोन दिवसांआड येतो. त्याच्यामागे धावताना गेल्या आठवड्यात पाड्यावरची अपेक्षा पडली, मनगट मोडलं. आणि इथे तुमच्या पार्किंगमध्ये मी पाण्यात उभा! मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गोजर बूट घालूनच आत उतरला आणि रडायला लागला, म्हणाला, पोरींना घेऊन येतो, त्यांना बघू दे.

संध्याकाळपर्यंत काठावर चाळीस हंडे होते. भांडण एक नाही. जनी क्रम लावत होती, आणि मोडक्या मनगटाच्या अपेक्षाचा हंडा पहिला. मी बाटल्या वर आणून पुसत बसलो, पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी एकही बाटली मी धड बघितली नाही. हंडा भरण्याचा आवाजच ऐकत होतो.

मग जनी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "हा खड्डा भरनार ना तुमी?"

मी म्हणालो, जागा दाजींची आहे.

"मंग दाजी कसा मानूस हाय?"

चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पार्किंगचं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, की दाजी देवमाणूस आहेत, पाड्याला पाणी मिळावं म्हणून तर त्यांनी मला इथे खणायला उभं केलं. कसं निघालं ते मला माहीत नाही. पण निघाल्यावर मला ते इतकं पटलं, की मी त्यात आणखी थोडी भर घातली. (डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून तुम्ही आधी जेसीबी ठरवलात, वगैरे.)

आक्काला नमस्कार. मितालीला आशीर्वाद. बाटल्या एकूण त्र्याण्णव. तुमच्या पलंगाखाली सुरक्षित आहेत.

तुमचा आज्ञेतला,
जयराम

ता. क. धाबा थोडा मागे सरकवता येईल का? गाड्या रस्त्याच्या त्या अंगाला चिंचेखाली सावलीत लागतील, आणि थंडगार पाणी असलेला धाबा माळशेजपर्यंत दुसरा नाही. विचार करा. सावकाश करा. मात्र उत्तर 'हो' असू द्या.

ता. क. दुसरा. घाई एवढ्यासाठी, की पाड्यावरच्या सव्वीस बाया शाल-नारळ घेऊन तुमचा सत्कार करायला टेम्पोने कल्याणला निघाल्या आहेत. त्यांच्यासमोर 'पार्किंग' हा शब्द काढू नका. बाकी काही बोलायची गरज नाही, नारळ घ्या म्हणजे झालं. आक्काला म्हणावं, चहाचं मोठं पातेलं काढ.

ता. क. तिसरा. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही, त्याच टेम्पोत बसलेल्या जनीच्या हाती देतो आहे. मिताली, तू हे आतल्या खोलीत नेऊन वाचायला हवं, हे मी वर पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं. तसं केलं असशील तर उत्तम. नसशील, तर आत्तापर्यंत जनीने सगळं ऐकलेलं आहे आणि ती पदर खोचून तुमच्या तोंडाकडे बघत उभी असेल.

दाजी, हसा.