मायाक्काचा टुवाल वेगळा

मी केराबाई कोम धुळाप्पा, वय सुमारे अठ्ठावन्न, पूर्वी गिरणीत कामाला, राहणार बाळीवेस, सोलापूर, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत, उजवा पूर्ण गेला, डाव्याने उजेड तेवढा कळतो. लिहिणारे पंचाक्षरी यांच्याकडून प्रत्येक कलम दोनदा वाचून घेतले, कारण मला भीती वाटते. मरणाची थोडी, माझ्यामागे घरात काय चालेल त्याची फार.

कलम १. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एका टुवालाला तोंड पुसणारं घर फुटत न्हाय." तेव्हापासून आमच्या खुंटीला एकच टुवाल. आठ दिवसांनी खळबळायचा आणि रंग उडू नये म्हणून सावलीत वाळवायचा. दीर वेगळे निघाले नाहीत, त्याचा मला ताठा होता.

गेल्या वर्षी सून शिवबाईचे डोळे चिकटू लागले. डॉक्टरांनी खुपऱ्या सांगितल्या, एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जाणाऱ्या. ज्याचा त्याचा टुवाल वेगळा ठेवा, म्हणाले. तिने दुसरी खुंटी ठोकली. मी टुवाल ओढून काढला. "घर फोडाय आलीस व्हय?"

"आत्याबाई, माझं ऱ्हाऊ द्या. पोरीचा तरी वेगळा ठिवा की."

मी तिच्यादेखत चार वर्षांच्या नातीला, मायाक्काला, न्हाऊ घातले आणि त्याच टुवालाने तिचे डोळे पुसले. "बघ, काय हुतंय?"

मायाक्काच्या डाव्या डोळ्यावर आता फूल आहे, त्याने दिसत नाही. उजवा अजून चांगला आहे. रोज सकाळी मी तिला विचारते, "माझी बोटं किती?" ती सांगेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

कलम २. दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून घेतले. ते शिवबाईला द्यावे. मायाप्पा, लेकरा, राग धरू नकोस. मी खुंटीवरून टुवाल ओढला त्या दिवशी तू दारात हसलास, "आईपुढं कुणाचं चालतंय!" घर तिचे झाले म्हणजे खुंटी ठोकायला तिला कुणाला विचारावे लागणार नाही.

कलम ३. तांब्याचा हंडा शिवबाईला. त्यात सोडा घालून टुवाल उकळावेत आणि कडक उन्हात दोन्ही अंगांनी वाळवावेत. खळ घालू नये. आम्हा गिरणीतल्या माणसांना खळीशिवाय कापड कापड वाटत नाही, पण तसा टुवाल पाणी ओढत नाही, मग डोळे चोळावे लागतात. माझी नणंद सोजरबाई चेष्टेने विचारते, "टुवाल शिजला का गं? मीठ घातलंस न्हवं?" विचारू द्यावे. तिला माझे हिरवे लुगडे द्यावे. टुवाल देऊ नये.

कलम ४. मेलेल्याला माती देऊन आल्यावर सगळ्यांनी एकाच कापडाला तोंड पुसायचे, ही आमच्या घरची रीत. माझ्या मातीला ती मोडावी. ट्रंकेत पाच टुवाल उकळून ठेवले आहेत. मायाक्काच्या टुवालाला मी चाचपत कोपऱ्यात तीन गाठी मारल्या आहेत. खुंटीवरचा जुना माझ्याबरोबर पुरावा.

मायाक्का रडेल. कोणीतरी मायेने पदर पुढे करील. शिवबाई, तो हात धर. पोरीला रडू दे.

सोलापूर, ता. ११ फेब्रुवारी १९३४
केराबाई, निशाणी डावा अंगठा
साक्षीदार: १. बसलिंगप्पा, शेजारी २. कोंडीबा, गिरणीतले जुने सोबती

लिहिणाराची नोंद: अंगठ्याची शाई पुसण्यास बसलिंगप्पांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. शाई वाळेपर्यंत हात तसाच धरून बसल्या.
हस्ताक्षर पंचाक्षरी