नानांचा नंबर

२ फेब्रु. १९५३, सोम.
आज पुन्हा ओरडलो. कोष्टीपुऱ्यातली म्हातारी, गुडघेदुखीवाली. "डाक्टरसाब, मले सुईच देऊन द्या. गोळीनं काही होऊन नाही राहिलं." समजावून सांगायचा कंटाळा आला. म्हटलं, मग गोळी घेऊ नकोस, मर. ती हसली. तिला गंमत वाटली. मी गंमत करत नव्हतो.
वडील नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर. कचेरीतून रिटायर झाल्यापासून नानांची बैठक तिथेच. आल्यागेल्याला सांगायचं, "माझा मुलगा कुणाला परत पाठवत नाही." मला कुणी विचारलंय?

५ फेब्रु.
जेवताना सुधाला म्हटलं, रविवारी तरी दवाखाना बंद ठेवू या. बायको लगेच हो म्हणाली. नानांनी ताट सारलं. "आजार काय रविवार पाळतो?" झालं. चाळिशी आली तरी बापासमोर तोंड उघडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी राग निघतो पेशंटवर. हे कळतं मला. कळून काय उपयोग?
नाना भात तसाच टाकून उठले. राग दाखवायची जुनी रीत. मीही विचारलं नाही.

९ फेब्रु.
इतवारीत तापाची साथ. सकाळपासून रांग. नाव विचारायचं सोडलंय, नुसता हात पुढे करा म्हणतो. पडदा सरकला की समोर नाना, टक लावून माझ्याकडे बघतायत. डोकं फिरलं. बाहेर जाऊन सगळ्यांदेखत म्हणालो, "नाना, ही जागा आजाऱ्यांची आहे. घरात जाऊन बसा."
उठले. भिंत धरत धरत गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१० फेब्रु.
सकाळी नाना न्हाणीत पडले. ओठ काळेनिळे, धाप. धोतर वर केलं तर पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. बोटानं दाबलं, खड्डा पडला, भरेचना. हृदय थकलंय. ही सूज एका दिवसाची नाही. कॉलेजातलं पोरगंही सांगेल. एका घरात राहतो आम्ही.
"नाना, मला सांगितलं का नाही?"
"नंबर लागला नाही रे."
टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

१२ फेब्रु.
कोष्टीपुऱ्याची म्हातारी नानांना बघायला आली. म्हणे, "नाना तं रोज नंबर लावूनच बसत. त्यायची बारी आली का दुसऱ्याले पुढं धाडत. मले म्हनत, तू जा वं, मी घरचाच आहो. तुमाले मालूम नोतं?"
मी तिला सुई दिली. आज तिनं मागितली नव्हती.

१३ फेब्रु.
माझे कॉलेजातले जुने सर येऊन नानांना तपासून गेले. अंगातलं पाणी उतरलं तर उतरलं, म्हणाले. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघितलं. "तू झोपतोस का?" म्हटलं, झोपतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. खरं म्हणजे त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून...

१५ फेब्रु., रवि.
दवाखाना बंद. नानांजवळ बसलो. बोलायला काही सापडेना. आजवर आम्ही दोघं बोललो ते पेशंटांबद्दलच. नाडी धरून बसलो, तर मनात येतंय, किती वेळ धरायची? सख्खे वडील, आणि मला उठायची घाई. लाज वाटते. तरी घाई जात नाही.
सुधानं ओळखलं. "आज तरी उठू नका हो."
तेवढ्यात दार वाजलं. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. नाना डोळे न उघडता म्हणाले, "जा."
उठलो. सुटल्यासारखं वाटलं. माझ्या जागी सुधा बसली.
दवाखान्यात आणि नानांच्या खोलीत मधे एकच भिंत. धाप इकडे ऐकू येत होती. पोराला म्हटलं, तोंड उघड.